उजवी कॉइल उत्तम आहे

सोमवार, ४ मार्च
लेक रविवारी पहिल्या नोकरीसाठी परगावी निघणार. तिला स्टेशनवर आमच्या मोटरसायकलवरूनच सोडणार, असं आज जेवताना जाहीर केलं. गाडी माझ्या वडिलांची. मी नोकरीला निघालो तेव्हा त्यांनी मला हिच्यावरूनच सोडलं होतं. बायको म्हणाली, अहो, ती वर्षभर अर्धीच चालते आहे. खरं आहे. दोन सिलिंडर, डावा पेटतो, उजवा गप्प. पण आठवडा हाताशी आहे. मेकॅनिक बोलवायचा नाही.

मंगळवार, ५ मार्च, सकाळी
वीज कुठे किती अडते ते मोजणारा मल्टिमीटर विकत आणला. दोन्ही सिलिंडरना ठिणगी देणारी एकेक कॉइल असते. तिच्या दोन टोकांना मीटरच्या पिना लावायच्या, की आकडा येतो. पिना घसरतात, म्हणून दोन्हीकडे चिमटीत घट्ट दाबून धरल्या. गावच्या शाळेत मास्तर सांगायचे, हाती घेतलेलं काम सैल धरू नये. डाव्या कॉइलचा आकडा लहान, जागचा हलत नाही. उजवीचा भलामोठा, सारखा नाचतो. निष्कर्ष: उजवी उत्तम, अगदी जिवंत. डावी मठ्ठ.

बुधवार, ६ मार्च
उजवा प्लग बदलला. वायर बदलली. उजवा गप्पच. बायकोने विचारलं, कॉइलच गेली नसेल ना? म्हटलं, तिची काळजी नको.

संध्याकाळी
उजवीबद्दल नवा शोध. जप आटोपून शांत मनाने मोजलं, तर आकडा मोठा. पसाऱ्यावरून बायकोशी वाजल्यावर मोजलं, तर बराच लहान. यंत्रालाही घरातली शांतता लागते. देवाची करणी. हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, मग आज कॉइललाच वाढते, तुम्ही बसा उपाशी.

गुरुवार, ७ मार्च
हात ग्रीसने माखले, म्हणून बायकोने भांडी घासायचे रबरी हातमोजे दिले. ते घालून मोजलं. उजवीचा आकडा साफ गायब! मग आठवलं, रबरातून वीज जात नाही. शाळेत शिकलोय. मोजे काढले, आकडा परत हजर. शिकलेलं वाया जात नाही. डावीवर मोज्यांचा काहीच परिणाम नाही. म्हटलं ना, मठ्ठ.

शुक्रवार, ८ मार्च
लेक येऊन बसली. म्हणाली, बाबा, दोन कॉइलची अदलाबदल करून बघा ना, लगेच कळेल. तिला समजावलं, चांगल्या कॉइलला जागेवरून उठवू नये. ती म्हणाली, बरं, मी बॅग भरते. जाताना आईला विचारत होती, तुझ्या स्कूटरमध्ये पेट्रोल आहे ना? मी ऐकलं नाही.

शनिवार, ९ मार्च
डावीचा बंदोबस्त करायचं ठरवलं. तिच्या मठ्ठपणामुळेच उजवी दबून राहत असणार. स्क्रूड्रायव्हर घालून उघडायला गेलो. कॉइल उघडायची नसते, हे तडा गेल्यावर समजलं. आता दोन्ही सिलिंडर गप्प. निदान भेदभाव तरी उरला नाही. उद्या देवाचं नाव घेऊन किक मारायची. उजवी वेळेला धावून येईल.

रविवार, १० मार्च, सकाळी
पाय भरून आला. गाडी ढिम्म. उजवी कॉइल पुन्हा काढून स्टुलावर ठेवली. लेक बॅग घेऊन आली. म्हणाली, मोजता कसं ते दाखवा तरी. पिना दाबून दाखवलं. आकडा नाचला. तिने चिमटीतून कॉइल अलगद काढून घेतली. आकडा नाचतच होता.
म्हणाली, बाबा, ही कधीचीच मेलीय. आठवडाभर तुम्ही स्वतःलाच मोजताय.
बायको तोंडाला पदर लावून आत गेली.
मग स्कूटर निघाली. बायको पुढे, बॅग तिच्या पायाशी, लेक मागे. मी हेल्मेट घालूनच फाटकात उभा होतो. वळणावर लेकीने हात केला.

त्यानंतर
स्टुलावर बसून पिना चिमटीत धरल्या. डोळे पुसल्यामुळे बोटं ओली होती. आकडा इतका खाली कधीच आला नव्हता.
मीटर मात्र अचूक आहे. खरेदी माझीच होती.