बंद केलेला डावा स्पीकर

अहो, मी जिंतूरला बहिणीकडं चाललेय. भाकरी टोपल्यात हायेत.

मागल्या खेपेला तिकडून आले तवा होम थेटरचा डावा स्पीकर बंद अन् उजवा लय वाढवलेला होता. तुमी म्हणलात, रिमोट चुकून दाबला गेला. चुकून एवढं होत न्हाई, सेटिंगमधी पार आत जावं लागतं. डाव्या कानानं बहिरं माणूस आपल्यात एकच, तुमचे थोरले भाऊ. वाटणीपासून त्यांच्याशी बोलत न्हाई म्हणता, अन् माझ्या माघारी सिनेमा दाखवता?

भांडण तुमचं, मग माझ्यापासून लपवायचं कशाला? मीच घरात येऊ देत न्हाई असं सांगितलंय ना त्यांना?

आवाज मी तसाच ठेवलाय. आज भाऊजी आले की त्यांच्या उजव्या कानात खरं काय ते सांगा.

महेश्वरी