शेवटचं नाव

५ फेब्रुवारी १९९६, सोमवार

मॉनिटर छातीशी धरून मी जिना चढत होते आणि सहा पायऱ्या अजून बाकी होत्या. खालून पहारेकरी मल्लाप्पा ओरडला, स्वल्प थांबा अक्का, आणि वर येऊन त्याने मॉनिटर घेतला. साठीचा माणूस. मला म्हणाला, पुण्यात मुलींना हमाली शिकवतात का. मी खूप हसले. नोकरीचा पहिला दिवस असा सुरू झाला.

ऑफिस राजाजीनगरात, एका घराच्या वरच्या मजल्यावर. आवारात जमिनीखाली पाण्याची टाकी आहे. तिला इथे संप म्हणतात. वर लोखंडी झाकण. आम्ही कॉम्प्युटरवरचा खेळ करतो. गावात एक विहीर; रोज एक माणूस तिच्यात पडतो; खेळणाऱ्याने त्याला वाचवायचं.

इथे सगळं रुजू झाल्याच्या तारखेप्रमाणे चालतं. हजेरी, खुर्च्या, कॉफीसुद्धा. आधी मालक वेणुगोपाल सर, मग मल्लाप्पा, मग चित्रं काढणारा नंदकिशोर, मग टायपिंग करणारी राजलक्ष्मी, शेवटी मी. माझी कॉफी निवलेली येते. राजलक्ष्मीचं घराणं तीनशे वर्षं इकडेच. तिच्या मराठीत निम्मं कन्नड. मला म्हणाली, सरी, म्हणजे बरं, उद्यापासून माझी अर्धी गरम तू घे, तुझी अर्धी गार मी घेते.

७ फेब्रुवारी, बुधवार

विहिरीत कोण पडणार हे आकडा ठरवतो. प्रत्येक नावाला वजन असतं. मशीन एक ते शंभरमधला आकडा काढतं. यादीच्या वरून एकेका नावाचं वजन त्यातून वजा करत जायचं. आकडा जिथे संपतो ते नाव पडतं. वजन जास्त, तर पडण्याची शक्यता जास्त.

सर वजनं सारखी बदलतात. बेरीज शंभरपेक्षा कमी भरली की कधी कोणीच सापडत नाही आणि प्रोग्राम अडकतो. मी एक ओळ घातली: कोणी नाही सापडलं तर शेवटचं नाव घे. सर खूश झाले.

चाचणीसाठी यादीत आमचीच नावं आहेत. मल्लाप्पा चाळीस, नंदकिशोर तीस, राजलक्ष्मी वीस, मी दहा. सरांचं नाव नाही. वजनं कशी ठरवली म्हणून विचारलं. ज्याच्यावाचून काम अडत नाही त्याचं वजन जास्त, असं हसत म्हणाले. मल्लाप्पा दारातच उभा होता. तोही हसला. मला हसू आलं नाही.

१२ फेब्रुवारी, सोमवार

आठवड्यातून एकदा, चार वाजता, सर खेळाचा एक दिवस चालवतात. प्रिंटर नाव छापतो. शुक्रवारी नंदकिशोरचं नाव आलं. राजलक्ष्मीने त्याला पोहायला शीक म्हणून चिडवलं. शनिवारी घरचा संप साफ करायला तो आत उतरला आणि वर आला नाही. सव्वीस वर्षांचा होता.

सरांनी आज यादीतून त्याचं नाव काढलं. त्याचे तीस मल्लाप्पाला दिले. बेरीज शंभर झाली पाहिजे, म्हणाले.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

काल चार वाजता मल्लाप्पा. आज सकाळी आमच्याच आवारातल्या संपमध्ये. झाकण बाजूला होतं. पाणी कमरेएवढं. कमरेएवढ्या पाण्यात माणूस बुडतो का?

सरांनी त्याचे सत्तर राजलक्ष्मीला दिले. तिचं वजन आता नव्वद.

मी सरांच्या खोलीत गेले. खेळ चालवणं बंद करा, मी म्हणाले. ते म्हणाले, शिकलेली बाई असं बोलते हे ऐकून वाईट वाटतं. महिनाअखेर खेळ द्यायचाय. मी ओरडले. त्यांनी मला बसायला सांगून पाणी दिलं. ग्लास मी फरशीवर ओतला.

१९ फेब्रुवारी, सोमवार

शनिवारी मी यादीतली नावं पुसली होती. फ्लॉपीवरून सरांनी ती परत आणली. आज चार वाजता मी मीटरची फ्यूज काढून लपवली. त्यांनी नवी आणवली आहे. उद्या चालवणार.

राजलक्ष्मी म्हणते तिला नोकरी सोडून जाता येत नाही, घरी आंधळी आई आहे. वर मलाच म्हणते, तू जेव गं आधी.

२० फेब्रुवारी, मंगळवार, दुपारी

रडणं संपलं. आता फक्त राग आहे.

दोघींचं वजन शून्य केलं. यादीच्या तळाला सरांचं नाव घातलं, तेही शून्य. कोणीच सापडणार नाही. मग माझी ओळ शेवटचं नाव घेईल. त्यांचं.

रुजू तारखेचा रकाना रिकामा सोडता येत नाही. सरांची १ मे १९९० भरली.

मी काय करते आहे हे मला माहीत आहे. मल्लाप्पा दारात हसला होता.

चार वाजता

यादी पडद्यावर— सर सगळ्यात वर. सुरू होताना प्रोग्राम तारखेप्रमाणे लावतो. इथली प्रत्येक यादी— मला माहीत होतं. तारीख मी खरी भरली. खोटी का नाही—

प्रिंटर. संहिता. माझं नाव.

खाली पाण्याची मोटर सुरू झाली. आपोआप. बंद करायला मल्लाप्पा नाही. राजलक्ष्मी चप्पल घालते आहे, बघून येते म्हणते. तिला नको. ती नको. मीच—

२१ फेब्रुवारी

मी राजलक्ष्मी लिहिते. वही संहिताच्या टेबलावर उघडी होती. काल मला खुर्चीत ढकलून ती खाली गेली. मी मागून धावले. झाकण बाजूला होतं. हाक मारली, अक्का, अक्का. मोटर चालूच होती. आज सकाळी पोलिसांनी तिला वर काढलं. दहा वाजता सरांनी यादीतून तिचं नाव काढलं आणि तिच्या जागेची जाहिरात टाइप करायला सांगितली. मी केली नाही. शेवटचं नाव आता माझं आहे.