घाटावरचे कॅमेरे

गोंडपिपरी, ३ मार्च २०२४

चि. संघप्रियास,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद. आमी दोघं खुशाल. वि. वि.

तुया फोन कोणी ऐकते असं तू म्हणते, म्हणून लिहून राह्यलो. ऐकत असल तर त्याले आतापर्यंत आईचा वांग्याचा रस्सा पाठ झाला असल!

परवा दोन माणसं आली. वकीलबाई कधी येते, संगं कोण असते, विचारत होती. तवापासून आई धड जेवत नाई. भामरागडची केस सोडता येत नाई काय, बेटा? तुले वकील आमीच केलं, पण जीव लेकीत अडकते.

तब्येत सांभाळ, माया ठेव.
तुये बाबा, सोमाजी

गडचिरोली, २० मार्च २०२४

ती. आईबाबांस,
सविनय जयभीम.

बाबा, केस सोडली नाही. ती लढणाऱ्या सुकरीबाईंच्या गावाजवळ नदीच्या घाटावर वाघ मोजायला म्हणून वनखात्यानं झाडांना कॅमेरे बांधले. बायका तिथंच आंघोळ करतात. त्यांचे फोटो पोरांच्या मोबाइलवर फिरले आणि बायकांनी नदीच सोडली. फोटो कोण बघतं विचारलं, तर उत्तर आलं, बाब गोपनीय आहे.

काल नागपूरला सुनावणी झाली. सरकारी वकीलही तेच म्हणाले. मी विचारलं, फोटोत ज्या बायका आहेत, त्यांच्यापासूनच हे गुपित कसं? न्यायाधीश बाईंनी फोटो मागवले, दोनच पाहिले आणि पाकीट पालथं ठेवलं. घाटावरचे कॅमेरे काढा, फोटो पुसा, ग्रामसभेला विचारल्याशिवाय नवे लावू नका, असा हुकूम झाला! सुकरीबाईंना त्यांच्या माडिया बोलीतून समजावलं, तर त्यांनी मला कोर्टाच्या आवारातच उचललं. काळा कोट काखेत उसवला.

त्या दोन माणसांबद्दलही तक्रार दिली आहे. आईला जेवायला सांगा.

तुमच्या मायेची,
संघप्रिया

गोंडपिपरी, ७ एप्रिल २०२४

चि. संघप्रियास,
जयभीम! जयभीम!

तुयं पत्र आईनं मले अंगणात उभं करून मोठ्यानं वाचाले लावलं. आजूबाजूचे सारे जमले. काल भामरागडच्या गाडीवरचा कंडक्टर हरिदास सांगून गेला, कॅमेरे निघाले, अन् बायका अख्खी दुपार नदीतून बाहेर येईनात, गाणे म्हणत होत्या.

हे ऐकलं अन् आईनं थैलीत दोन लुगडे भरले. सुकरीबाईसंगं नदीत उतराचं म्हणते. मी म्हटलं, मीही येतो. तर म्हणे, या, पण गावात बसा, घाट बायकायचा आहे. तुया बाप मुकाट हो म्हणाला.

शनिवारच्या गाडीनं येतो. दोघांवरही लोभ ठेव, गावात बसणाऱ्यावर जरा जास्त.

तुये बाबा