एकतीस अधिक चार

२२ एप्रिल
वडनेरच्या शाळेच्या निकालाचं काम दिलीपदादाच्या क्लासला मिळालं, तेव्हापासून त्याचे पाय जमिनीवर नाहीत. नांदुऱ्यात कॉम्प्युटर आणला म्हणून गावभर मिरवतो. प्रोग्राम मी लिहिते, हार त्याच्या गळ्यात. असो.
मशीनला गुण अक्षरं म्हणून दिले आणि त्यांचा आकडा करायला सांगितलं, तर ते अंक संपेपर्यंत वाचतं. मधे दुसरी कुठली खूण आली की तिथंच थांबून हाती लागलं तेवढं खरं धरतं. जागा मोकळी असली तर सरळ शून्य. तक्रार नाही, काही नाही. असला मुकाट कारभार मला नको. म्हणून दोन ओळी घातल्या: अंकाशिवाय काहीही दिसलं की अडून बस आणि कोणाचे गुण ते दाखव.

२४ एप्रिल
मशीन सारखं अडतंय. बघते तर ३१+४, ३३+२. पोरगं थोडक्यात नापास होत असलं की मास्तर वरचे गुण असे देतात, बेरीज ज्यानं त्यानं मनात करायची. दादा वैतागला. "हेडमास्तर पाहाले येऊन राह्यले अन् तुह्यं मशीन अडून राह्यलं! काढ त्या ओळी." म्हटलं, काढू नको, बेरीज करायचं मी लिहिते, दोन दिवस दे. "हाव, बरं," म्हणाला.

२८ एप्रिल
ताप आज उतरला. मधले दिवस अंथरुणातच. दादा म्हणतो काम झालं, एकदाही अडलं नाही. किती बरं वाटलं. वेडी मी.

१ मे
झेंडावंदनानंतर निकाल लागला. वडनेरच्या मामाची सुमी गणितात नापास. ३१. मामा आधीपासून म्हणत होता, नववी निघाली तर दहावी, नाहीतर लग्न. सुमी चुलीपाशी बसून... लिहवत नाही.
घरी येऊन प्रोग्राम उघडला. माझ्या दोन ओळी नाहीत.
"काऊन काढल्या?"
"अडत होतं सारखं. चाललं ना मंग?"
चाललं म्हणे! अधिकच्या खुणेपाशी थांबून ३१ च खरे धरले.

३ मे
हेडमास्तर भले. मूळ गुण पाहून लगेच निकाल दुरुस्त केला, सुमीला पस्तीस. पण त्यांच्यासमोर दादा काय म्हणाला? "शोभीनं भरताना चूक केली, तिले ताप होता." माझ्यादेखत! माझ्या तापाचाही उपयोग करून घेतला. अजून अंगाची आग होतेय.

६ मे
वडनेरला जाऊन आले. मामा ऐकत नाही. त्याला वाटतं, नात्यातली पोर म्हणून मीच गुण वाढवून घेतले. "दिलीपच म्हने, मशीन कोनाची भीड धरत नाही. मशीननं नापास केलं अन् तुम्ही दया करून पास केलं. ते काय पास होनं झालं?" रविवारी पाहुणे बघायला येणार आहेत. सुमी फाट्यापर्यंत सोडायला आली. "ताई, दादाले पाठव ना. तो बोलला त बाबा आयकतीन."

७ मे
दादाला सांगितलं. पेपरातून डोकं वर न काढता म्हणतो, "मलकापूरच्या शाळेचं काम येऊन राह्यलं. आता कसा सांगू का मशीन चुकलं म्हनून?"
मशीन नाही, तू चुकलास. मोठ्यानं म्हणाले. आई आतून ओरडली, "शोभे, मोठा भाऊ हाय तो!"
मोठा आहे म्हणून तर इतकं लागलं.

९ मे, शनिवार
दादा सकाळी एसटीनं मलकापूरला गेला. माझ्याकडे पाहिलं नाही. आईला मात्र म्हणाला, "याले उशीर होईन." कामाला उशीर की...
दोन ओळी परत घातल्या. त्यांच्याखाली बेरीज करायचंही लिहिलं. ३१+४ दिलं, पस्तीस आले.
वडनेर वाटेतच लागतं. गाडी थांबतेही तिथं. उतरायचं तेवढं त्याच्या हातात आहे. दिवेलागण झाली, अजून आला नाही. पाहुणे उद्या.