निम्मा चहा

आबा, तुम्हाला काहीही झालेलं नव्हतं. मागच्या आठवड्यात सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका दवाखान्यात, माझ्या मुलीच्या वयाच्या डॉक्टरीणबाईंनी बोलता बोलता सहज एक गोष्ट सांगितली आणि मी बाहेरच्या बाकावर येऊन बसले ती उठेचना. तुमच्या नातवाला घेऊन गेले होते. तो गाडी काढून हॉर्न वाजवतोय, आणि मी आपली पदर तोंडाला लावून बसलेली. तेव्हापासून भाजी निवडते, कुकर लावते, शेजारणीशी हसते, पण आत सगळा वेळ तुमच्याशीच बोलणं चाललेलं असतं. दुसऱ्या कुणापुढं बोलायची सोय नाही. ती का नाही, तेही सांगते.

तुम्ही एकाहत्तरच्या लढाईनंतर मिलिटरीतून सुटून आलात आणि साताऱ्याला एसटीवर ड्रायव्हर म्हणून लागलात. मी तेव्हा शाळेत नुकती जायला लागले होते. मला दमा. थंडी पडली की छातीत मांजर घुरघुरायचं आणि आई रात्रभर मला उशीला टेकवून बसवायची. तुम्ही मला साताऱ्यातल्या डॉक्टरांकडं नेलंत. त्यांनी माझ्या छातीला नळी लावली, मग तुमच्या शर्टाचा वास घेतल्यासारखं केलं आणि म्हणाले, घरात बिडी पेटतेय तोवर या पोरीला औषध देऊन उपयोग नाही. तुम्ही बाहेर आलात, खिशातलं बंडल आणि काडेपेटी काढून पायरीवर बसलेल्या एका अनोळखी म्हाताऱ्याच्या हातात ठेवलीत आणि मला खांद्यावर घेतलंत. घरी आई म्हणाली, एकदम नका सोडू, हळूहळू सोडा. तुम्ही म्हणालात, "हळूहळू कशाला? सुटली की." आणि खरंच सुटली. मिलिटरीचा माणूस, हुकूम म्हणजे हुकूम. मी वर्गात सगळ्यांना सांगत सुटले होते की माझ्या वडलांनी माझ्यासाठी बिडी सोडली. असा बाप आळीत दुसरा कुणाचा नव्हता.

तलफ आली की चहा घ्या, हे तुम्हाला सगळ्यांनीच सांगितलं. आईनं सांगितलं, कंडक्टरकाकांनी सांगितलं, डेपोतल्या प्रत्येकानं सांगितलं. आणि तुमच्या कामात चहाला कुठं तोटा होता? सातारा-सांगली मुक्कामाची गाडी तुमच्याकडं. कराडला गाडी थांबली की हॉटेलवाला ड्रायव्हरसाठी पेशल धाडायचा, पेठ नाक्यावर धाडायचा, इस्लामपूरला, आष्ट्याला. ड्रायव्हरच्या चहाचे पैसे घ्यायचे नाहीत ही रीत, कारण गाडी थांबली तर धंदा. आणि नको म्हणायची सोय नाही. एकदा सुट्टीत मी तुमच्याबरोबर गाडीत होते, बॉनेटजवळच्या सीटवर. तुम्ही नको म्हणालात तर पोऱ्याबरोबर मालक स्वतः खिडकीशी आला, आमच्या चहात माशी पडली का म्हणून विचारायला. तुम्ही हसून कप घेतलात. पूर्वीही एवढाच घेत होता, आबा. उलट बिडी होती तेव्हा याच्या जोडीला एक झुरका असायचा आणि तुम्हाला काही म्हणजे काही होत नव्हतं. म्हणून तर पुढं त्रास सुरू झाला तेव्हा चहावर कुणाचा संशय गेला नाही. जन्मभर जो अंगाला लागला तो चहा एका महिन्यात कसा उलटेल, असं कुणाच्या डोक्यात येणार?

त्याच प्रवासात मी तुम्हाला पहिल्यांदा तसं बघितलं. पेठ नाका सोडून गाडी इस्लामपूरच्या रस्त्याला लागली होती. तुमच्या मानेवरून घाम ओघळत होता, दिवस थंडीचे असूनसुद्धा. स्टेअरिंगवरची बोटं थरथरत होती, आणि तुम्ही ती घट्ट आवळून धरत होता. मग तुम्ही गाडी कडेला घेतलीत, इंजिन बंद केलंत आणि उतरून उसाच्या शेताकडं तोंड करून बसलात. कंडक्टरकाका तुमच्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, "आवं, काय हुतंय?" तुम्ही छातीवर हात ठेवून म्हणालात, "हितं कुनीतरी बडवतंय." मी खिडकीतून बघत होते. थोड्या वेळानं तुम्ही उठलात, परत चढलात आणि गाडी सांगलीला नेऊन पोचवलीत. तिथं पोचल्यावर कँटीनवाल्यानं तुमची दशा बघितली आणि घाईघाईनं कडक चहा करून आणला. माणुसकीनंच आणला. मला आता त्या कपाची वाफसुद्धा दिसते, आणि वाटतं, धावत जाऊन तो कप लाथाडावा.

मग सुरू झाले डॉक्टर. साताऱ्यातल्या डॉक्टरांनी रक्त कमी असेल म्हणून गोळ्या दिल्या. सांगलीत एकांनी छातीला तारा लावून पट्टी काढली आणि हृदय बैलासारखं आहे म्हणाले. मिरजेला एकांनी तुमची मान चाचपली, डोळे बघितले, हात पुढं धरायला लावून त्यावर कागद ठेवला आणि तो कसा थरथरतो ते बघत बसले. गळ्यातल्या गाठीचं, थायरॉईडचं दुखणं असेल म्हणाले, रक्त पुण्याला पाठवलं, तर तेही नाही. वैद्यांनी पित्त म्हणून वांगं, तिखट आणि आंबट बंद केलं. आईनं अंगारे आणले, दृष्ट काढली. पेठ नाक्याजवळ अपघातात कुणी गेलं होतं, त्याची बाधा आहे असंही एकजण सांगून गेला. तुम्ही सगळं मुकाट्यानं केलंत. वांगं सोडलंत, आमटी सोडलीत, उतारा टाकून आलात. आणि गंमत बघा, त्या मिरजेच्या डॉक्टरांनी मिलिटरीतला माणूस म्हणून तुम्हाला मानानं खुर्ची दिली आणि चहा मागवला. इतक्या शहाण्या माणसांनी तुम्हाला उलटंसुलटं करून तपासलं, आणि तपासताना चहा पाजला.

बरं वाटायचं ते फक्त गावी. कोरेगावच्या बाजूला थोरल्या काकांकडं तुम्ही रजेवर जाऊन राहिलात, तर दोन दिवसांत घाम थांबला, तिसऱ्या दिवशी दुपारी गाढ झोपलात. काकांना चहाचा तिटकारा, त्यांच्या चुलीवर चहाचं भांडं कधी चढलंच नाही. म्हशी होत्या, दूध-ताक होतं. चहा मागून घ्यायचा तुमचा स्वभाव नव्हता. आम्हाला वाटलं, गावची हवा. मग तुम्ही कामावर परतलात आणि पहिल्याच फेरीत पुन्हा तेच. असं दोन-तीनदा झाल्यावर काकांनी त्याचा अर्थ लावला. आम्ही सगळी जेवायला बसलो होतो. काका भाकरी मोडत, अगदी मायेनं म्हणाले, "गड्या, तू गाडीला भ्यालास. न्हाईतर हितं कसं बरं वाटतं?" तुम्ही ताटातच बघत राहिलात. बर्फातल्या घाटातून, एका बाजूला कडा आणि एका बाजूला दरी असताना, दारूगोळ्याचा ट्रक नेणारा माणूस, त्याला भावानं भित्रा म्हटलं. तुम्हीही तेच मानलंत, आबा. हे मला सगळ्यात जास्त टोचतं. त्यानंतर तुम्ही माणसांच्या डोळ्याला डोळा देऊन बोलेनासे झालात. डेपोत साहेबांनी वर्कशॉपमध्ये बदली घ्या म्हणून सुचवलं, ते आईला सांगताना तुम्ही भिंतीकडं तोंड केलं होतंत.

मग बिडी परत आली. सांगलीच्या स्टँडवर कुठल्याशा ड्रायव्हरनं तुमची हालत बघून एक पेटवून हातात दिली, आणि चार-सहा दिवसांत तुम्ही माणसांत आलात. हात स्थिर, झोप जागच्या जागी, पेठ नाका येतो कधी आणि जातो कधी. घरात दिवाळी झाल्यासारखं झालं. आई शेजारणींना सांगत होती, त्यांच्या रक्तालाच बिडी लागते, ती सोडली म्हणून उलटली. दुसऱ्या दिवसापासून तीच सकाळी तुमच्या खाकी शर्टाच्या खिशात बंडल ठेवायला लागली, आठवणीनं, गोळ्या द्याव्यात तशी. तुम्ही घरात मात्र कधी पेटवली नाहीत. फाटकाबाहेर जाऊन उभे राहायचात, पावसात डोक्यावर पोतं घेऊन. मी बघितलं की तोंड फिरवायचात. मला तुम्ही एकदाच म्हणालात, "तुज्यासाठी सोडली हुती गं. सोसली न्हाई मला." मी काही रुसले नव्हते, आबा. मला तुम्ही नीट चालताय, जेवताय, हसताय एवढंच पाहिजे होतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. खोकला, मग थुंकीत लाल, मग मिरजेच्या दवाखान्यातला तो लांबलचक वॉर्ड. तिथला एक तरुण डॉक्टर तुमच्यावर डाफरला, बिडी वेळेवर सोडता आली नाही का म्हणून. सोडली होती, हे सांगायला मी तोंड उघडलं तर तुम्ही खुणेनं नको म्हणालात. सोडून परत धरली हे सांगायची तुम्हाला न सोडण्यापेक्षा जास्त लाज वाटत होती. माझं लग्न तुम्हाला बघायला मिळालं नाही. दमा मात्र माझा कधीच गेला, मोठी होता होता.

आता तुमच्या नातवाचं ऐका. त्याला मुलगी झाली आणि त्यानं सिगारेट सोडली, तुमच्याच तऱ्हेनं, एका दिवसात. महिन्याभरात त्याची छाती धडधडायला लागली, हात कापायला लागले, झोप उडाली. पट्टी काढली, गळ्याच्या त्याच गाठीसाठी रक्त तपासलं, अंगात रक्त किती ते तपासलं, सगळं निर्मळ. मला तेव्हाच तुमचा पेठ नाका आठवला होता. आईनं साताऱ्याहून फोनवर ऐकलं आणि लगेच म्हणाली, "येखादी वढू दे त्येला. तुज्या आबाला कसा गुन आला हुता." तो माझ्याकडं बघत होता. आणि मलाही वाटलं, ओढू दे, बरा तरी होईल. पण त्याची बायको हट्टानं म्हणाली, आणखी एका डॉक्टरला दाखवू. त्या बाईंनी काही न तपासता आधी विचारलं, सिगारेट कधी सोडली आणि चहा-कॉफी किती घेता. मग म्हणाल्या, सिगारेट ओढणाऱ्याच्या शरीरात चहातलं द्रव्य भराभर जिरतं. सिगारेट सुटली की ते तसं जिरत नाही, अंगात साठत राहतं, आणि तेवढाच चहा दुपटीनं चढतो. "चहा निम्मा करा. सिगारेट पुन्हा धरू नका," एवढं सांगून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. मी म्हटलं, पन्नास वर्षांपूर्वीही असं होत असेल का? त्या हसल्या, म्हणाल्या, शरीर तेच की काकू. मी तुमचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, तसंच असेल, पण माणूस समोर असल्याशिवाय नक्की सांगता येत नाही.

निम्मा चहा, आबा. सोडायचा होता तो एवढाच. वांगं नाही, तिखट नाही, नोकरी नाही, तुमची इज्जत नाही. कराडला घ्यायचा आणि पेठ नाक्याला नको म्हणायचं, इस्लामपूरला घ्यायचा आणि आष्ट्याला नको म्हणायचं. हॉटेलवाले रागावले असते, रागावू देत. तुम्हाला आठवतं का, ज्या दिवशी चहा कमी झाला त्या दिवशी धडधड कमी होती का? एखाद्या मुक्कामी दूध प्यायला असाल तर? गावी बरं वाटायचं ते चहा नव्हता म्हणूनच ना? तुमच्याशिवाय हे कुणाला विचारू? भांडी घासताना हेच विचारत असते, आणि कधीकधी मोठ्यानं बोलून जाते.

आईला मी सांगू शकत नाही. परवा तिनं फोनवर विचारलं, पोराला गुण कशानं आला. मी म्हटलं, आपोआप आला. ती समाधानानं म्हणाली, तुझ्या आबांना मात्र माझ्याच हातानं गुण आला होता, मी रोज खिशात बंडल ठेवायचे. मी म्हटलं, व्हय. ती ऐंशीच्या पुढची आहे, या एका गोष्टीवर तिचं मन उभं आहे. आणि खरं तर तुम्हालाही हे कळायला नको. सोसलं नाही, एवढं मानून तुम्ही गेलात, त्यात निदान तुमचा इलाज चालला नाही असं तरी होतं. एका कपावर सगळं अडलं होतं हे कळलं तर तुम्ही तिथंही मान खाली घालाल. तुमच्यापर्यंत टपाल जात असतं तरी मी हे टाकलं नसतं.

नातू बरा आहे. सकाळी मी त्याला निम्मा कप देते, तो दोन घोटांत संपवतो, पोरीचा मुका घेतो आणि शीळ घालत गाडी काढतो. त्याचे हात आता कापत नाहीत. मी दारात उभी राहून त्याला हात करते, आणि आबा, तुम्हाला न मिळालेला हा निम्मा कप त्याला मिळाला, म्हणून त्याच्याकडं बघून मला राग येतो.