दार उघडं की हो!

प्रिय घुमे,

दुसऱ्यांची वाक्यं कागदावर उतरवून पोट भरणाऱ्या आपल्यासारख्या बायकांचं एकच दुखणं आहे. ऐकतो सगळं आपण, आणि आपल्याला विचारत मात्र कुणी नाही. मी ते काम सोडून कामगारांच्या बाजूनं भांडायला लागले, तू अजून त्याच खुर्चीत आहेस. म्हणून हे तुलाच कळेल. बाकीचे म्हणतील, भोंग्याचं डोकं फिरलं.

शीतगृहाच्या पहारेकऱ्याचं प्रकरण माझ्याकडे आलंय. सकाळी तो कामावर आला तेव्हा औषधांच्या खोलीचं दार सताड उघडं, आतला माल बाद. आदल्या संध्याकाळी कुलूप त्यानंच लावायचं होतं. जबाबात आहे, 'मी आलो तेव्हा दार उघडे होते.' चौकशी करणारे साहेब म्हणतात, बघा, किती थंडपणे सांगतो! म्हणजे त्याला आधीच ठाऊक होतं. खरं सांगू? वाचून मीसुद्धा म्हणाले, हा तर लबाड निघाला!

मग तो भेटला. म्हणाला, "ताई, मी असं कुठं बोललो? मी म्हणालो, येऊन बघतो तर काय, दार उघडं की हो!"

आपले शिकाऊ दिवस आठवले. मागे लाल पेन्सिल घेऊन उभ्या हेडबाई. "पोरींनो, शेपट्या छाटा! 'की हो', 'तर काय', 'चक्क', कचेरीत असलं काही घडत नसतं." आपण हसत छाटायचो. मी वाचलंय, काही भाषांत क्रियापदाचं रूपच बदलतं आणि सांगतं, हे मला आत्ता कळलं, याची कल्पना नव्हती. तिथं दचकणं वाक्यातच असतं, छाटता येत नाही. आपल्याकडे ते शेपटीत असतं. शेपटी गेली की दचकलेला माणूस कागदावर सगळं जाणून असल्यासारखा उतरतो.

मोठ्या तोऱ्यात हे सांगायला मी त्याच्या घरी गेले. त्याची बायको हसायलाच लागली. "अहो, ह्यांचं काय घेऊन बसलात! रोज चहा देते आणि रोज म्हणतात, 'अरे, गरम आहे की!'"

झालं. तेव्हापासून डोक्यात नुसता गुंता आहे. तो दचकला होता, की ती त्याची सवयच? की मला बघून त्यानं वाक्य सजवलं? सत्यावर दोन तास बोलणारी मी, मला सांगता येत नाही. पण त्या शेपटीनं तो निर्दोष ठरत नसेल, तर ती नाही म्हणून दोषी तरी कसा ठरतो?

सोमवारी निकाल आहे. नोकरी गेली तर या वयात त्याला दुसरीकडे कोण उभं करणार? मी ओरडेन, साहेब जबाबाखालच्या त्याच्या सहीवर बोट ठेवतील. जबाबाच्या वेळी त्या खोलीत तिसरं माणूस एकच होतं, टंकयंत्रापाशी. तू. तुलाही बोलणी बसतील, हे मला कळतं. तो निर्दोष आहे असं सांगू नकोस, ते मलाही माहीत नाही. फक्त सोमवारी चौकशीच्या खोलीत ये आणि त्याचं वाक्य, तू ऐकलंस तसं, अख्खं म्हणून दाखव.

तुझीच,
भोंगा