वेताळाचं सोंग सोमादादाच्या घरचं

३ मार्च
पिक्चर बघितला. किसनच्या मोबाइलवर, ओट्यावर बसून. आपल्या गावात शूटिंग झालं तेव्हा युनिटच्या भाकऱ्या मी थापल्या, म्हणून सगळे चिडवत होते, काकी तुझं नाव येतं का बघ. नाव नाही आलं. भलतंच आलं. कड्यावर मोहळ काढताना भाऊ भावाचा दोर कापतो. मागे पुढारी, साहेबलोक, जमिनीचा डाव. कापणाऱ्याच्या तोंडावर वेताळाचं सोंग.
मुंबईवाल्याला ते नुसतं भेसूर तोंड. इथं बोहाड्याच्या जत्रेत देवांची, भुतांची तोंडं घालून नाचतात; कुठलं सोंग कुठल्या घरचं, पोरंसोरं सांगतील. वेताळ सोमादादाच्या घरचा, आजापासून. आणि त्याचा भाऊ जानू मोहळ काढतानाच कड्यावरून पडून गेला. वर दोर धरून सोमादादाच होता.
किसन जानूचा पोरगा. पिक्चर संपायच्या आत मोबाइल खिशात घातला नि गेला.

४ मार्च
भाकरी करपली दोनदा.
शूटिंग होतं तेव्हा सोमादादा भिवंडीला कामाला, शेजारीण म्हणून चावी माझ्याकडे. डायरेक्टर बोलला, मावशी, कुठलं सोंग बघण्यासारखं? दार उघडून वेताळ मीच दाखवला. फोटो घेऊन त्याने तसंच तोंड बनवून घेतलं. आणि जानूची गोष्टपण मीच सांगितली. चुलीशी बसून ऐकायचा. माझं एवढं कोण ऐकतं? जीभ सुटली. बोलले, "दोर तुटला का सोडला, कोण बघाय गेलंय."
कशाला बोलले? गोष्टीला चव यावी म्हणून. दुसरं काही नाही.

९ मार्च
किसनने आज सोमादादाला, सख्ख्या काकाला, आपल्या पॅसेंजर जीपमध्ये घेतलं नाही. पुढची सीट रिकामी. "फुल आहे," म्हणाला नि गाडी काढली. बाप गेल्यावर ह्याच काकाने खांद्यावर वाढवला त्याला.
सोमादादा मला बघून हसला. "पोरगा बिझी झाला गो." त्याने पिक्चर बघितलेला नाही. मी पण काय सांगू. पाण्याला जायचंय म्हणून सटकले.

१४ मार्च
डायरेक्टरला फोन लावला. चौथ्यांदा उचलला. आधीचे दोन पिक्चर पडलेले त्याचे. तेव्हा म्हणायचा, हा पण पडला तर तुमच्याकडेच भाकऱ्या थापायला येतो. आता आवाजच वेगळा.
बोलले, बोहाड्याला ये, लोकांसमोर सांग हे सगळं बनवलेलं आहे.
"मावशी, पोस्टरवरच लिहिलंय, खऱ्या घटनेवर. लोक त्यामुळेच बघतायत. आता खोटं म्हटलं तर पुढचा पिक्चर गेला माझा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी मला विचारतंय."
"आणि सोमादादाला कोण विचारणार?"
"कोण सोमादादा?"
खरंच माहीत नाही त्याला. नाव मी सांगितलंच नव्हतं, घर कुणाचं ते पण नाही. आता सांगितलं. मग मीटिंग आहे म्हणाला.
त्याला शिव्या दिल्या. पण त्याने ऐकलं तेच दाखवलं. बोलणारी कोण?

२२ मार्च
बोहाड्याची बैठक. कुणीतरी मागून ओरडलं, "यंदा वेताळाजवळ उभं राहू नका रे, दोर असेल हातात!" हसले सगळे. सोमादादाला कळेना. मग एकाने मोबाइल दाखवला. दोर कापायचा तेवढाच तुकडा.
बघून उठला. म्हणाला, अंगात बरं नाही, यंदा सोंग किसनला द्या. किसन खाली बघूनच बोलला, "ते तोंड मी घालणार नाही."
वेताळ निघणार नाही म्हणजे. आजवर असं झालं नाही.
मी तिथंच होते. तोंड उघडलं नाही. मी, जी कुणाचं ऐकून घेत नाही.

२५ मार्च
सोमादादाचं दार लावलेलं. कामाला पण गेला नाही. कालवण नेऊन दिलं. "तू एकटी येतेस गो," म्हणाला. तिथनं पळावं वाटलं.

२९ मार्च
जव्हारला डेपोजवळ किसनला गाठलं. जीपमध्ये बसले, दार ओढलं, सगळं सांगितलं. चावी, फोटो, चुलीजवळचं बोलणं. शपथ घेतली. बोलले, तुझ्या काकाने काही केलं नाही, दोर तुटला. ती चव मी घातली, मला मार हवं तर.
तो रडला नाही, ओरडला पण नाही. स्टेअरिंग धरून विचारलं, "दोर तुटला हे तुला कसं माहीत, काकी? तू होतीस वर?"
नव्हते.
"मग तेव्हा काय बघून बोललीस? नि आता काय बघून बोलतेस?"
पॅसेंजर आले, मी उतरले.
घरी आले तर सोमादादा दारात बसलेला. म्हणाला, काय म्हणतो किसन? दोर ह्याच हातात होता; मी त्या हाताकडे बघत राहिले. पहिल्यांदाच, तसं.